अर्थ न बदलता

आमच्या वन्संना कुठलाही निरोप सांगायचा असला, तर आधी तो इनडायरेक्ट स्पीचमध्ये घालावा लागतो. तसा घातला नाही तर त्या तो घेत नाहीत. दारातूनच परत.

परवाचीच गोष्ट. दूधवाला कॅन वाजवत म्हणाला, "काकी, उद्या दूध न्हाय. म्हशीला बरं न्हाय." मी आत जाऊन सांगितलं, "वन्सं, उद्या दूध नाही." माणसाला चहा कोरा प्यायचाय हे कळायला एवढं पुरे की नाही? त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"कोण म्हणालं?"

"दूधवाला."

"कोणाला?"

"मला, अजून कुणाला?"

"मग वाक्य कर. अर्थ न बदलता."

मी हातातलं पातेलं कट्ट्यावर ठेवलं आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, गुडघ्यांना तेल चोळलेलं असताना, म्हणाले, "द मिल्कमन टोल्ड मी दॅट देअर वुड बी नो मिल्क टुमॉरो."

"टुमॉरो?"

"द नेक्स्ट डे."

"आणि म्हैस?"

म्हैस मी विसरलेच होते. पाचपैकी तीन.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, शालिनी. तेहतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. लग्न केलं नाही. कसबा बावड्यातल्या आमच्या घरात पुढच्या दोन खोल्या त्यांच्या, मागचं सगळं आमचं, आणि मधलं दार हे परीक्षा केंद्र. त्या दारातून भाजीची वाटी घेऊन गेलं तरी वाटी देणाऱ्याला काहीतरी विचारलं जातं. बाकी गावातही त्यांच्या विद्यार्थिनी जागोजाग पेरलेल्या आहेत. चौकात एक ट्रॅफिक पोलीस बाई असते, चांगली दणकट. मोटारसायकलवाल्यांची किल्ली काढून घेते. वन्संची रिक्षा लांबून दिसली की ती पाठ फिरवून उभी राहते. एकदा सिग्नलला तिला वन्संनी 'टू' काढून 'सो दॅट' घालायला लावलं होतं.

डॉक्टरांकडून आले तेव्हाचं सांगते. मी म्हणाले, "द डॉक्टर टोल्ड मी टू ईट लेस सॉल्ट." मला वाटलं, झालं बरोबर. वन्सं म्हणाल्या, "टोल्ड नाही, ॲडव्हाइज्ड. सांगणारा कोणत्या भावनेनं सांगतो, ते क्रियापदात आलं पाहिजे. नाहीतर निरोप नेऊन उपयोग काय?" माझं ब्लडप्रेशर किती निघालं ते त्यांनी विचारलंच नाही. निघालं होतं त्यापेक्षा त्या वेळी नक्की जास्त होतं.

आमच्या ह्यांना या बाबतीत एकदाच पैकीच्या पैकी मिळाले. हे म्हणाले होते, "आपल्यात रविवारी मटण असतं." मी त्याचं इंग्रजी करताना 'इज'चा 'वॉज' केला. वन्संनी मला थांबवलं. "त्रिकालाबाधित सत्याचा काळ बदलत नाही. सूर्य पूर्वेला उगवतो, तसं हे." त्या दिवसापासून हे स्वतःला व्याकरणातले समजतात.

नातीनं मात्र पळवाट शोधली. ती कुणाचाही निरोप असला की मोबाइलवर फॉरवर्ड करते. "आत्याआजी, हे जसंच्या तसं आहे, अवतरणचिन्हासकट." त्यात वन्संना चूक काढता येत नाही. मला ती युक्ती सुचायला पन्नास वर्षं उशिरा जन्मायला हवं होतं.

आता माझीही बाजू सांगते, म्हणजे सगळा दोष त्यांच्यावर जायला नको. लग्न ठरताना माझ्या माहेरच्यांनी सांगितलं होतं, मुलगी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करतेय. खोटं नव्हतं. मी विषय घेतला होता, विषयानं मला घेतलं नव्हतं. एफ.वाय.लाच दोनदा बसून झालं होतं. पण मी गॉगल लावायचे, वाक्यामागं 'यू नो' लावायचे, आणि सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात वन्संसमोर "आय ॲम हॅविंग हेडेक" असं म्हणाले. त्यांनी डोकं दुखतंय का हे न विचारता 'हॅव' या क्रियापदावर अर्धा तास घेतला. त्यानं खरंच दुखायला लागलं.

माझी दुसरी खोड म्हणजे निरोप. मला निरोप पोचवायला फार आवडायचं. साधा पोचवत नव्हते, करून दाखवायचे. सासूबाई बोलल्या असतील तर पदर खोचून, मामंजी असतील तर खाकरून, ज्याचं त्याचं बोलणं त्याच्या आवाजात. घरात सगळे हसायचे. मला वाटायचं, आपण या घराची शान आहोत. आज तशी सून कुणी माझ्या दारात आणली तर मी तिला दोन दिवसांत माहेरी पाठवीन.

या निरोपांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सुमनताई. वन्संच्या पाठची बहीण, हातकणंगल्याला दिलेली. या दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत. भांडण नाही, शिव्या नाहीत; अबोला. चाळीस वर्षांवर झाली. लग्नाकार्यात एका पंगतीत शेजारी बसतात, मध्ये मी. "मंगल, आक्काला इचार भात पायजे का." मी विचारायचं. "मंगल, तिला सांग, मला नको." मी सांगायचं. भात वाढणारा समोर उभा राहून माझ्याकडे बघत राहतो.

अबोला कशावरून, ते मला माहीत होतं, निदान मी तसं समजत होते. सुमनताईंच्या पहिल्या बाळाचं बारसं होतं, एप्रिलात, त्यांच्या सासरीच. वन्सं गेल्या नाहीत. "पेपर तपासायचेत," म्हणाल्या. मी बारशाला जाऊन तो निरोप सुमनताईंना दिला. त्या म्हणाल्या, "बाळापरास पेपर मोठं झालं व्हय आक्काला?" आणि मी शहाणीनं ते परत येऊन वन्संना करून दाखवलं. पोस्टमन पत्र अडवून ठेवत नाही, असं माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान. तिथून दोघी गप्प झाल्या. वन्संना इनडायरेक्ट स्पीचचं खूळ लागलं तेही साधारण त्याच सुमाराला.

गेल्या सोमवारी सुमनताईंचा फोन आला. कुकर लावला होता, त्यामुळं घाईत घेतला.

"मंगल, आक्काला सांग, मी पुण्याला चाललोय. कायमचा." आमच्याकडं बायका स्वतःला असंच 'चाललो, आलो' म्हणतात, 'चालले, आले' फक्त शाळेत. "पोरगं ऐकंना. हितं एकटी पडून ऱ्हाऊ नको म्हणतंय. बेस्तरवारी ट्रक येतोय. तू येऊन जा की एकदा." तेवढ्यात त्यांच्याकडं कुणीतरी खोकी घेऊन आलं आणि फोन ठेवला गेला.

मी मधल्या दारात गेले. एवढी मोठी बातमी, म्हणून मी इंग्रजीच्या नादाला लागले नाही. सरळ सांगितलं, "वन्सं, सुमनताई पुण्याला चालल्या कायमच्या. गुरुवारी ट्रक येणार. म्हणाल्या, तू येऊन जा एकदा."

वन्संनी हातातलं पुस्तक मिटलं.

"तू म्हणजे कोण?"

"आता ह्यात काय विचारायचं? तू म्हणजे तू."

"सुमन फोनवर कोणाशी बोलत होती?"

"माझ्याशी."

"मग 'तू' म्हणजे तू झालीस. पण 'आक्काला सांग' म्हणाली असेल, तर 'तू' म्हणजे मी. नीट आठव, मंगल."

मी आठवायला लागले. खरं सांगते, मलाच कळेना. सुमनताई मलाही तू म्हणतात, वन्संनाही तू म्हणतात. आणि माझा पारा चढला. इकडं कुकर, तिकडं ट्रक, मध्ये सर्वनाम.

"वन्सं, बहीण आहे ती तुमची. शहात्तर वय तुमचं, तिचं चौऱ्याहत्तर. पुण्याहून कोण कुणाला भेटायला येतंय? जायचं तर जावा, नाही तर नका जाऊ. तू कोण आणि मी कोण ते मागनं ठरवा."

मला वाटलं, आता चढतील. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

"न बोलावता जाऊन उभी राहू तिच्या दारात? एकदा नको म्हणाली आहे ती मला. परत ऐकायचं वय नाही माझं."

"कधी नको म्हणाल्या?"

"तूच सांगितलंस. बारशाच्या आधी. इथंच उभी होतीस, कमरेवर हात ठेवून. 'सुमनताई म्हणाल्या, तू बारशाला न्हाय आलीस तरी चालंल.'"

मी दारातल्या स्टुलावर बसले.

ते वाक्य मी पार विसरले होते, पण ऐकताक्षणी माझा स्वतःचाच आवाज आठवला, सुमनताईंची नक्कल करणारा. बारशाच्या आठवडाभर आधी मी हातकणंगल्याला त्यांना बघायला गेले होते. मला तिसरा महिना होता. एस.टी.तनं उतरल्या उतरल्या मी त्यांच्या अंगणात ओकले. त्यांनीच मला लिंबू दिलं आणि म्हणाल्या, तू बारशाला नाही आलीस तरी चालेल, उन्हातनं परत येऊ नकोस. मला राग आला होता. नवी जांभळी साडी नेसून पाळण्याजवळ मिरवायचं होतं मला. म्हणून घरी येऊन ते अर्धंच वाक्य नाक फुगवून वन्संना करून दाखवलं. आणि मग कुणाचं न ऐकता मी बारशाला गेलेच. मी घरी राहिले असते तरी वन्संना कदाचित उमगलं असतं, की तो 'तू' कुणाचा होता.

धाकटीचं लग्न आधी झालेलं, थोरली बिनलग्नाची. अशा बाईला शुभकार्यात जरा मागंच उभं करणारी माणसं तेव्हा होती, सुमनताईंच्या सासरीही होती. वन्संना तो अर्थ लावायला वेळ लागला नसणार. त्या फक्त "बरं" म्हणाल्या होत्या आणि पेपरांचा गठ्ठा सोडला होता.

"वन्सं," मी म्हणाले, "ते मला म्हणाल्या होत्या. ओकाऱ्या मला होत होत्या."

त्यांनी हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. मग ओठांत, सवयीनं, वाक्य करायला लागल्या. "सुमन टोल्ड हर दॅट शी नीड नॉट कम." थांबल्या. परत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "यातही 'शी' कोण ते कळत नाही, मंगल."

 आयुष्यात पहिल्यांदा त्या मला, त्यांनाच उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारत होत्या. मी शिक्षेची वाट बघत बसले होते. चाळीस वर्षांचं लाल शाईत काय निघेल याचा मनात हिशेब चालला होता.

"तिसरा महिना होता तुला?"

"व्हय."

"आणि एप्रिलच्या उन्हात एकटी गेलीस एस.टी.नं. बारशालाही." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मी सोबत यायला हवं होतं."

मी म्हणाले, "थांबा, मी फोन लावून सुमनताईंना सगळं सांगते, की असं असं झालं..."

"तू काही सांगू नकोस," वन्सं म्हणाल्या. "नंबर लावून दे. आणि बाहेर जा."

मी नंबर लावून दिला, बाहेर गेले आणि दार लोटलं. पूर्ण नाही. सुमनताईंना कमी ऐकू येतं, त्यामुळं त्या ओरडूनच बोलतात; कान लावायचीही गरज नव्हती.

"हॅलो, कोण?"

"मी."

पलीकडं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. भांडं असावं.

"आक्का?"

"व्हय."

वन्संच्या तोंडून 'व्हय' मी सून म्हणून आल्यापासून ऐकलं नव्हतं.  मी दार बोटभर ढकललं. वन्सं फोन दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या.

"काय करतीस?" वन्संनी विचारलं.

"बांधाबांध. लोणच्याची मोठी बरणी हाय. पुण्यात फ्लॅटात कुठं ठेवू? कुणाला देऊ कळंना झालंय."

"मला दे."

"ये की मग न्यायला. मंगलनं सांगितलं न्हाय व्हय तुला? तुला ये म्हणून सांग म्हणलंतं मी."



"सांगितलं की," वन्सं म्हणाल्या. "बरोबर सांगितलं तिनं. उद्या येतो आम्ही."

"ती कुठं हाय? दे तिच्याकडं."

"ती व्हय? हाय हितंच. दारामागं उभी असंल, ऐकत."

मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बंद केला. भात खाली लागला होता.