चूक न विचारणारा कायदा

आयुधपूजेला नव्या गाडीची दृष्ट आपणच काढायची, एवढंच संताजीरावांनी ठरवलं होतं. म्हैसूरजवळ हूटगळ्ळीच्या घरासमोर त्यांनी कुंकू भरलेला कोहळा रस्त्यावर आपटला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि ते स्टिअरिंगवर बसले. दूर चामुंडीचा डोंगर धुक्यात तरंगत होता. त्याच्याकडे बघता बघता (पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते, त्यामुळे गाडीतही त्यांना घोड्यावर बसल्यासारखं वाटे) त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. लिंबं फुटली, गाडी कोहळ्यावरून घसरली आणि हारांची परात धरून उभ्या असलेल्या मेहुण्याला, मानाजीरावांना, धडकली. त्यांच्या पायाचं हाड मोडलं.

त्या दिवसापासून मानाजीरावांची बहीण वनजाबाई नवऱ्याशी, म्हणजे संताजीरावांशी, बोलेनात. कॉफी यायची, पण शब्द यायचा नाही. अशी कॉफी संताजीरावांना काही गोड लागेना.

मानाजीरावांनी देवराज मोहल्ल्यातले एक वकील गाठले. हाड मोडणं म्हणजे गंभीर इजा, तिला विमा कंपनी ठराविक भरपाई देते आणि गाडीवाल्याची चूक सिद्ध करावी लागत नाही, असं वकिलांनी समजावलं. प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून मानाजीरावांनी ते संताजीरावांना सांगितलं, "दाजी, चूक कुणाची ते कोणी विचारतच नाही. अष्टे, एवढंच."

संताजीराव त्या वाक्यात महिनोन्‌महिने विहरत राहिले. सगळ्या म्हैसूरला हा कायदा लागू झालाय, उतू गेलेल्या दुधाला, हरवलेल्या किल्ल्यांना, विसरलेल्या लग्नाच्या वाढदिवसाला कोणीच जबाबदार नाही आणि वनजा हसून बोलतेय, अशी स्वप्नं त्यांना भरदुपारी पडू लागली.

पुढच्या दसऱ्याच्या तोंडावर निकाल लागला. भरपाई मंजूर झाली आणि कोर्टात संताजीरावांना खरोखरच कोणी काही विचारलं नाही. निकालाची प्रत घेऊन ते तरंगतच घरी आले.

"वनजा, वाच की. माझी चूक असं कुठंच लिहिलेलं नाही."

वनजाबाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मग वर्षभरानं पहिल्यांदा त्या बोलल्या.

"त्यांनी नाही विचारलं. त्यांना कुठं तुमच्याबरोबर राहायचंय? मला राहायचंय. चूक कुणाची?"

संताजीरावांनी डोंगराकडे पाहिलं, मग बायकोकडे. "माझी," ते म्हणाले.

"एवढंच ऐकायचं होतं. सुम्ने, उगीचच वर्ष घालवलंत."

त्या संध्याकाळी कॉफी गोड लागली.

आयुधपूजेला स्टिअरिंगवर वनजाबाई बसल्या. मानाजीराव दोन घरं पलीकडे उभे राहिले. या खेपेला चाकांखाली दोनच लिंबं होती. उरलेली दोन संताजीरावांच्या चपलांखाली होती.