कोलतेआप्पांचं लॉगिन

कोलतेआप्पांना एकाच ठिकाणी दोनदा नाव विचारलं, की ते उठून घरी जातात. मागं मनगट मोडलं तेव्हा दवाखान्याच्या खिडकीवर त्यांनी नाव सांगितलं. आत एक्स-रेवाल्यानं पुन्हा विचारलं. आप्पा म्हणाले, "दारात सांगितलंय," आणि मोडक्या हातानं एसटीत बसून यवतला परत आले. ते मनगट अजून वाकडंच आहे.

हा राग कुरकुंभचा. तिथल्या एका केमिकल कंपनीत त्यांनी जन्मभर शिफ्टा केल्या आणि गेटवर, स्टोअरला, कँटीनला रोज नव्यानं नाव सांगितलं. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, आप्पा पीएचपीला लागले. वेबसाइट लिहायची ही भाषा मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले आणि आमच्या फूलउत्पादक संस्थेची नवी वेबसाइट फुकटात करून देतो म्हणाले. फुकट म्हटल्यावर चेअरमननी उभ्या उभ्या ठराव केला. मी तिथला क्लार्क, म्हणून आप्पा माझ्या वाट्याला आले. रोज दहाच्या ठोक्याला ऑफिसात हजर.

जुन्या वेबसाइटवर सभासदानं लॉगिन केलं, तरी दुसऱ्या पानावर गेला की ती त्याला साफ विसरायची. आप्पांना हे फार लागलं.

"सुरेश, पावणा दारात नाव सांगतो. मंग माजघरात, सैपाकघरात परत इचारतो का आपण, कोण तू म्हणून? दारात इचारलं, विषय संपला."

म्हणून लॉगिन झालं की माणसाची माहिती एका फाइलीत जायची आणि कुठलंही पान उघडताना आधी ती फाइल वाचली जायची. सभासदाच्या फॉर्मात आप्पांनी स्वतःच्या डोक्यानं एक रकाना वाढवला: 'घरात काय हाक मारतात?' प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्या हाकेनं विचारपूस. याची काय गरज, असं मी विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

उद्घाटनाला सगळे सभासद जमले. चेअरमननी मिशीवर हात फिरवून लॉगिन केलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर उमटलं, 'गुंड्या, जेवण झालं का?' आप्पांनी त्यांचा फॉर्म त्यांच्या आईकडून भरून आणला होता.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवर झेंडूवाल्या हिराबाईंनी आपल्या मोबाइलवर लॉगिन केलं. इकडं चेअरमननी घाईघाईनं दुसरं पान उघडलं, तर 'हिरे, जेवण झालं का?' आणि खाली हिराबाईंच्या झेंडूच्या सगळ्या क्रेटचा हिशेब. मग कुणीतरी तिसऱ्यानं लॉगिन केलं आणि सगळी संस्था बाळ्या झाली. जो शेवटी आत येईल, तोच सगळे. हिराबाई शांतपणे म्हणाल्या, "मला गुंड्या म्हना न्हाईतर बाळ्या म्हना, झेंडू माझा हाय."

चेअरमननी सोमवारपर्यंत मुदत दिली, नाहीतर काम पुण्याच्या पार्टीला. हे काम गेलं असतं, तर सकाळी दहाला कुठं जायचं हा आप्पांपुढं प्रश्नच होता, आणि मला त्याची काळजी लागली.

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. चूक त्यांना सापडली होती. सगळ्या संस्थेला मिळून त्यांनी एकच फाइल ठेवली होती, एकच खुंटी असावी तशी. ज्यानं शेवटी टोपी अडकवली, त्याचीच टोपी सगळ्यांना दिसायची. आता प्रत्येकाला स्वतंत्र सेशन दिलं होतं, ज्याची त्याची खुंटी.

"पण आप्पा, एकाच वेळी दोघं आत आले तर काय व्हईल, हे आधी कसं सुचलं न्हाई?"

आप्पा कीबोर्ड पुसत राहिले. "दोन वर्सं रोज रात्री हितंच बसून तपासलं," ते म्हणाले. "ह्या घरात एका टायमाला दोघं कवा असत्यात?"

आप्पांची बायको, आमच्या काकी, जाऊन तीन वर्षं झाली होती. मी मोबाइल काढला आणि लॉगिन केलं. 'सुऱ्या, जेवण झालं का?' मग त्यांनी कंप्युटरवर केलं. मी वाकून बघितलं.

'अहो, जेवण झालं का?'

"व्हय, झालं," आप्पा पडद्याकडं बघून हळूच म्हणाले आणि पुढचं पान उघडलं. तिथंही तोच प्रश्न. "झालं, झालं."

दुरुस्ती बरोबर झाली आहे, हे मला दुसऱ्याच पानावर कळलं होतं. तरी मी उठलो नाही. सगळी पानं संपेपर्यंत आम्ही दोघं आत होतो.