मास्तरांचे पंधरा सेकंद

इनेझला वाटलं होतं, तीन वर्षांनी शेफील्डहून घरी आल्यावर पप्पा वसईजवळच्या उमेळे गावच्या क्लबमध्ये स्नूकरच्या टेबलावर ओणवे झालेले दिसतील आणि भोवती दहा-पंधरा माणसं श्वास रोखून उभी असतील. प्रत्यक्षात टेबलावर शाळेतली पोरं खेळत होती आणि पप्पा भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते. हातात खेळायची काठी, क्यूसुद्धा नव्हता. पोरांच्या फटक्याचा नुसता आवाज ऐकून ते म्हणत, "खाली लागला. पुन्हा मार."

वसईत स्नूकर म्हटलं की व्हॅलेरियन मास्तर, म्हणजे इनेझचे पप्पा, हे तीस वर्षांचं समीकरण. मास्तर खेळायचे सावकाश. अलीकडे तर एका फटक्याआधी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला निघाल्यासारखे टेबलाभोवती जागोजागी थांबत फिरायचे. लोक आदराने म्हणत, "मास्तर विचार करतायत." आणि गेल्या वर्षभरात त्यांनी सामने खेळणंच सोडलं होतं.

इनेझने कारण शोधलं. (शोधायला तिला वीस मिनिटं लागली. तिच्या प्रबंधाला दोन वर्षं लागली होती, त्या मानाने हे फारच लवकर.) पप्पा कंटाळले होते! खेळ संथ झाला होता! इंग्लंडमध्ये 'शूटआउट' नावाच्या एका व्यावसायिक स्नूकर स्पर्धेत तिने स्वयंसेवक म्हणून काम केलं होतं. तिथे अख्खा सामना दहा मिनिटांत संपायचा. पहिली पाच मिनिटं प्रत्येक फटक्याला पंधरा सेकंद, पुढची पाच मिनिटं फक्त दहा. वेळ चुकली की भोंगा, आणि समोरच्याला पाच गुण. प्रेक्षक नुसते किंचाळायचे. तसली स्पर्धा उमेळ्यात झाली की पप्पा पुन्हा उभे राहतील, याबद्दल तिला शंका नव्हती. म्हणून तिने एक लहानशी गोष्ट केली. स्पर्धेच्या यादीत पहिलं नाव पप्पांचं घातलं, त्यांना न विचारता.

"काढ ते," पप्पा वाल सोलता सोलता म्हणाले.

"पप्पा, पोस्टर छापून आलंय."

पप्पांची बोटं थांबली. मग म्हणाले, "छापलंय म्हणतेस... आता नाव काढलं तर लोक काय समजतील?"

"अगं, त्यांना नको वाटतंय तर नको ना," मार्था, म्हणजे तिची मम्मी, आतून म्हणाली.

"मम्मी, त्यांचा आत्मविश्वास गेलाय. तो आपणच परत आणायला हवा."

मार्थाने फक्त गॅस बारीक केला.

पोस्टरवर मोठ्या लाल अक्षरांत होतं: 'उमेळे शूटआउट! रविवारी, चर्चच्या मिसानंतर.' दुसऱ्याच दिवशी दारात मोटारसायकल थांबली आणि हवालदार उतरले.

"गोळीबार तुम्ही ठेवलाय?"

"गोळीबार नाही हो, स्पर्धा आहे."

"गोळीबाराची स्पर्धा?"

"स्नूकरची! चेंडू असतात."

"मग शूटआउट कोणाचं करणार?"

"माझ्या पप्पांचं," इनेझ म्हणाली, आणि मग हवालदारांना समजवायला तिला दोन कप चहा लागला. पण ही बातमी गावभर झाली. ज्यांना स्नूकर कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, तेही रविवारी पुढच्या रांगेत जागा धरून बसले.

तोवर इनेझने घरात सराव सुरू केला होता. जेवणाच्या टेबलावर घड्याळ ठेवून ती म्हणायची, "पप्पा, पंधरा सेकंदांत आमटी वाढून घ्या." भोंगा वाजायचा. एकदा घाईत पप्पांच्या कोपराने डावीकडचं कोळंबीच्या कालवणाचं पातेलं सगळंच्या सगळं आडवं केलं. ते नाकासमोर बघत विचारत होते, "काय पडलं?" मार्था धावत येऊन पुसायला लागली. इनेझने वहीत लिहिलं : 'प्रतिक्रिया मंद. सुधारणेला वाव.'

रविवारी समोर होता संकेत, वसईच्याच एव्हरशाईन सिटीतला, व्यावसायिक स्पर्धा खेळणारा. त्याने वाकून मास्तरांना नमस्कार केला. क्लबचे सेक्रेटरी फ्लॉईड यांनी चर्चमधून आणलेला स्पीकर लावला. घड्याळ इनेझच्या हातात. मास्तरांची मुलगी असली तरी पक्षपात करणार नाही, असं तिने माइकवरून जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

मास्तर टेबलाभोवती निघाले. पहिल्या कोपऱ्यापाशी थांबले, दुसऱ्यापाशी थांबले. भोंगा वाजला.

"संकेतला पाच," इनेझ म्हणाली.

पुढच्या वेळी त्यांनी घाई केली आणि ज्याने बाकीचे मारायचे तो पांढरा चेंडूच टेबलाच्या भोकात, पॉकेटात घातला. हॉलमध्ये थोडं हसू पिकलं. तिसऱ्या वेळेपासून ते चेंडूकडे पाहायचे, मग पूर्ण मान वळवून पॉकेट शोधायचे, आणि पॉकेट सापडेपर्यंत चेंडू हरवलेला असायचा. पुन्हा भोंगा. मागून एक म्हातारा ओरडला, "आरं, मास्तरला कोनी घाई केली?" आता मात्र सगळे मोकळेपणी हसले. मास्तर मागे सरकले आणि शेजारीच उभ्या असलेल्या संकेतवर जाऊन आदळले. तो तिथे मघापासून उभा होता. लख्ख उजेडात.

तेव्हा इनेझला कळलं. सगळं एकदम कळलं, कालवणासकट. पण हातातलं घड्याळ चालू होतं, तोंडाने माइकवर शपथ घेतलेली होती, आणि नियम म्हणजे नियम असं ती लहानपणापासून ज्यांच्याकडून शिकली ते समोर चाचपडत होते. तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. अकरा भोंगे झाले. संकेत त्र्याण्णव, मास्तर शून्य. शेवटी तर संकेतच मुद्दाम चुकत होता, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. मास्तरांना सोडून.

दुपारी घरी कोणी जेवलं नाही.

"काचबिंदू," मार्था म्हणाली. "दोन वर्षं झाली. बाजूचं गेलंय, नळीतून बघितल्यासारखं दिसतं. गेलेलं परत येत नाही. उरलंय त्यासाठी रोज थेंब घालायचे."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुझी परीक्षा होती."

"दोन वर्षं परीक्षा?"

"फोनवर तू दर वेळी तेच सांगायचीस, बाय."

पप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. "लोक म्हणायचे, मास्तर विचार करतात. मी म्हणू दिलं. विचार कसला, शोधत होतो." मग म्हणाले, "आंधळ्याकडे पोरं शिकायला कोण पाठवेल आता? तेवढंच उरलं होतं."

इनेझने खेळातल्या पारदर्शकतेवर प्रबंध लिहिला होता. ती त्वेषाने उठली. "पप्पा, आपण लपवायचंच नाही! फ्लॉईड अंकलना सांगून सभा घेऊ, लोकांना समजावू, काचबिंदूच्या जागृतीसाठी..."

"इनेझ," पप्पा हळूच म्हणाले, "तो भोंगा बंद कर."

घड्याळ केव्हाच बंद होतं.

सकाळी उठताना तिचा निर्णय झालेला होता. जन्मात पहिल्यांदा ती ठरवून, डोकं शांत ठेवून खोटं बोलणार होती. सभा नाही, जागृती नाही. ज्याचे डोळे, त्याने सांगायचं तेव्हा सांगावं. बेकरीच्या वाटेवर तिने वाक्य तीनदा घोकलं. बेकरीत फ्लॉईड पाव घेत होते, भोवती चार माणसं होती.

"अंकल, कालच्या घड्याळात बिघाड होता." तिचे कान तापले. "पंधरा सेकंदांऐवजी सातालाच भोंगा वाजत होता. माझी चूक. पप्पांचा काही दोष नाही."

"अगं, ते काय सांगतेस!" फ्लॉईड म्हणाले. "मी कालच सगळ्यांना बोललो, मास्तर शून्यावर जाणं पॉसिबलच नाही. पोरगी एवढी शिकून आली, पण तिला साधं घड्याळ लावता येत नाही."

चारही माणसांनी सहानुभूतीने माना हलवल्या.

इनेझने तोंड उघडलं. ते घड्याळ तिने स्वतः सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत तपासलं होतं, प्रमाणपत्र होतं तिच्याकडे.

"पोरं संध्याकाळी येतील, मास्तरांना सांग," फ्लॉईड पुढे म्हणाले. "तू तेवढी हॉलमध्ये कशाला हात लावू नको."

"बरं," इनेझ म्हणाली, आणि सहा पाव मागितले.