जगनचा कोरा चेहरा

जगनला पोकरमध्ये काडीचा रस नव्हता. त्याला जनरल शिफ्ट हवी होती. रोह्याच्या कंपनीत बॉयलरवर रात्रपाळ्या करून करून तो इतका आंबला होता, की एकदा जेवताना आमटीच्या वाटीत नाक बुडाल्यावरच त्याला जाग आली. शिफ्ट लावायचं काम नव्या मॅनेजरसाहेबांकडे, आणि साहेब दर रविवारी दुपारी क्वार्टरवर चारचौघांना जमवून पोकर खेळत. "माणूस पत्त्यांवर कळतो," असं त्यांचं मत होतं. तेव्हा जगन कळवून घ्यायला गेला.

साहेबांना पैसे लावणं पसंत नव्हतं. ज्याने त्याने घरून कडवे वाल आणायचे आणि त्यांवर खेळायचं. सरूने बिरड्यासाठी ठेवलेले वाल जगनने पिशवीत ओतले.

"आनि हरलात तर?" सरूने विचारलं.

"हरतोय कशाला गो? गणपतीत तीन पत्ती खेळतो ना, तिचाच मोठा भाऊ हाय हा."

मोठ्या भावाने तासाभरात पिशवी रिकामी केली. हातात दोन एक्के आले की जगनचे कान हलत, ओठ फाकत आणि बाकीचे मुकाट्याने पत्ते टाकून देत. हलके पत्ते आले की तो असा उसासा टाकी, की समोरचे मुठीमुठीने वाल वाढवत.

"तुझे पत्ते बगायला नकोच," स्टोअरचा विठू म्हणाला. "थोबाड उताणं मांडलेलं असतंय."

जगन निघाला तेव्हा साहेब मात्र त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले.

जगनचा मेहुणा हिरामण पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचा. चेहऱ्यातला माणूस म्हणून जगन त्याच्याकडे गेला.

"भावजी, ह्याच्याकडे बगा," हिरामणने ब्रशने मूर्ती दाखवली. "कोन नोकरी मागतो, कोन शेजाऱ्याचं वाटोळं मागतो. काय हलतंय का तोंडावर? तसं बसायचं. भुवया सोडा, जबडा सोडा, डोळे अर्धे मिटा."

जगन मूर्तींच्या रांगेत बसला. संध्याकाळपर्यंत एक गिऱ्हाईक त्याच्यापुढे थांबून हिरामणला विचारतं झालं, "याला सोंड कधी लावणार?" जगनची पापणीही हलली नाही.

"पास," हिरामण म्हणाला.

घरी येऊन त्याने आठवडाभर सराव चालू ठेवला. आई महिनाभर राहायला येतेय, हे सरूने सांगितलं तेव्हाही त्याचं तोंड तसंच राहिलं, आणि सरू घाबरली. तिने शेजारच्या धोंडुबाईंना बोलावलं.

"तोंडावरनं वारं गेलंय गो," धोंडुबाई म्हणाल्या आणि तापलेली वीट फडक्यात गुंडाळून त्याचे गाल शेकू लागल्या. जिते गावाहून सासू आली, तिने लिंबू उतरवून टाकलं. चटका बसला तरी जगन हूं की चूं करेना. त्याच्या लेखी हाही सरावच होता.

रविवारी त्याने सगळ्यांना गार केलं. चांगले पत्ते असोत की भिकार, तोंड एकच. एकदा तर हातात काही नसताना त्याने सगळे वाल पुढे लोटले, आणि साहेबांनी हातातले चांगले पत्ते टाकून दिले. पिशवी काठोकाठ भरली.

खेळ संपल्यावर साहेबांनी त्याला बाजूला घेतलं.

"जगन, गेल्या रविवारी तुमचा चेहरा बघून वाईट वाटलं हो. म्हटलं, या माणसाला रात्रपाळीने खाल्लं. तुम्हाला जनरलला घ्यायचं ठरवलंच होतं मी."

"साहेब..."

"पण आज थकव्याचा मागमूस नाही. किती शांत! बॉयलरवर रात्री असाच माणूस पाहिजे. जनरलला विठूला घेतो. दोन डाव हरला तर रडकुंडीला आला बिचारा."

जगनने जीव खाऊन दुःखी चेहरा करून पाहिला. पण आठवडाभर सोडून दिलेला जबडा आवळेना आणि भुवया जागच्या हलेनात.

"बघा, आताही काही वाटलं नाही तुम्हाला," साहेब कौतुकाने म्हणाले.

घरी सरूने पिशवी हातात तोलली आणि नवऱ्याचं तोंड निरखलं.

"काम झालं का नाय?" तिला काही कळेना. "जाऊ दे. वाल भिजत घालते, मोड आले की बिरडं करू."

जगनने डबा घेतला, बूट चढवले आणि तो रात्रपाळीला निघाला. अंगणात उतरताच त्याचा जबडा हळूच हलला, मग भुवया खाली आल्या, आणि साऱ्या वर्षांचा शीण एकदम तोंडावर उतरला.

ओट्यावर बसलेल्या धोंडुबाईंनी ते पाहिलं आणि समाधानाने आत हाक मारली, "सरू, विटेचा गुण आला गो. बग, कसा रडवेला दिसतोय."