मुलाणीसरांचं शेवटचं गिऱ्हाईक

गिऱ्हाइकाचा फोन आला की मुलाणीसर खुर्चीतून उठून उभे राहतात. आमच्या ऑफिसात बाकीचे सगळे अशा वेळी खुर्चीत आणखी खाली सरकतात. सरांना विचारलं तर म्हणतात, "पौडात आमचं कापडाचं दुकान व्हतं. गिऱ्हाईक दारात आन् आपण गादीवर लोळतोय, असं चालतंय व्हय?" आणि मग फोनमध्ये, डॉक्टरच्या काळजीनं, "बोला. कुटं दुखतंया?"

आमची कंपनी माणच्या आयटी पार्कात आहे. प्रोग्रॅमिंगच्या एका भाषेचा कंपायलर आम्ही विकतो. कंपायलर म्हणजे दुभाषा. माणसानं लिहिलेलं तो मशीनला समजावून सांगतो. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला वेगळा दुभाषा लागतो. चारचौघांच्या कॉम्प्युटरवर असते ती सिस्टिम माझ्याकडे. तिथं गिऱ्हाइकाला उत्तर इंटरनेटवर आधीच सापडलेलं असतं, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' एवढं लिहायला मी लागतो. त्यासाठी माझ्या हुद्द्याआधी 'सीनियर' लावलं आहे.

सरांकडे मात्र अशी एक जुनी सिस्टिम होती, की तिचं नाव ऐकून नवी पोरं विचारायची, "हे पित्तावरचं औषध आहे का?" एके काळी कारखान्यांत तिचा दबदबा होता म्हणे. एकेक गिऱ्हाईक गळत गेलं आणि उरवडे गावातला, पंप बनवणारा एक कारखाना तेवढा उरला. तिथले कॉम्प्युटर सांभाळणारे सावंतकाका दर सोमवारी फोन करायचे आणि सर उभ्यानं तासभर बोलायचे.

मी एकदा शहाणपणा केला. "सर, त्यांना सरळ नवीन सिस्टिम घ्या म्हणा की."

"आजारी माणसाला 'नवा जल्म घ्या' म्हणतोस का तू?"

मी हेडफोन कानाला लावले. वादात हरलो की मी तेच करतो, त्यामुळे ते दिवसभर लावलेलेच असतात.

मग एके दिवशी मॅनेजरनं मला आत बोलावलं. "त्या सिस्टिमचा सपोर्ट बंद करायचं ठरलंय. मुलाणींना तू सांग, तुझं त्यांच्याशी जमतं." जमतं म्हणजे माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून आहे. मी बाथरूमच्या आरशासमोर तालीम केली. आरशातल्या माणसाला बातमी पटली. बाहेर येऊन मात्र सरांशी भूगावच्या ट्रॅफिकवर बोललो, मग कॅन्टीनच्या उपम्यावर. पुन्हा ट्रॅफिकवर येतोय तोच सर म्हणाले, "बंद करतायत न्हवं?"

मी मान हलवली.

"मग फोनवर न्हाई सांगायचं. जाऊन सांगू. गाडी काढ."

स्कूटरवरून उरवड्याला निघालो. सावंतकाकांना पटवायला मी लॅपटॉपमध्ये रंगीत स्लाइड्स घेतल्या होत्या. कारखान्यात पोचलो तर काका कोपऱ्यातल्या खोलीत एकटेच डबा खात होते. सरांना बघून ते गडबडून उठले. मी वेळ न दवडता लॅपटॉप उघडला आणि जुन्या मशीनवरचं सगळं नव्यावर कसं अलगद नेता येईल ते तोंडाला फेस येईस्तोवर सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मशीन भंगारात जाऊन दोन दिवाळ्या झाल्या, साहेब," ते म्हणाले. जिथं मशीन होतं तिथं पाण्याचा कूलर उभा होता. काकांची मान खाली गेली. "मुलाणीसाहेब, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं बघा."

"असू द्या वो. च्या पाजताय का न्हाई?" सर म्हणाले, आणि दोघं गप्पा मारत बसले. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन 'धन्यवाद' लिहिलेली स्लाइड बघत होतो.

परत येताना घोटवडे फाट्यावर चहाला थांबलो. मी आतून धुमसत होतो. "सर, नसलेल्या मशीनच्या तक्रारी सांगत होते ते तुम्हाला! इतके दिवस!"

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पयल्याच सोमवारपास्नं. आदी त्यांच्या मागं मशीनच्या पंख्याची घरघर ऐकू यायची. ती थांबली."

"मग बोलत काय होतात तासभर?"

सरांनी चहाचा ग्लास फुंकला. "त्यांची मंडळी वारली रं. पोरगं परदेशात. ते जुनी दुखणी सांगायचे, मी जुनी औषधं सांगायचो. मग इचारायचे, मेथीची भाजी कडू का व्हतीया. आन् मलाबी बरं वाटायचं. हापिसात तुमी समदे कानाला झाकणं लावून बसता." मग म्हणाले, "आता सोमवारी हापिस सुटल्यावर उरवड्यालाच जावं म्हणतोय. बस हाय."

मग सरांनी विचारलं, "आईचा गुडगा कसा हाय तुज्या?"

आईबद्दल मी त्यांना कधी चकार शब्द सांगितला नव्हता. त्यांच्या शेजारी बसून घरी चिपळूणला फोन करायचो, एवढंच.

"तसाच आहे," म्हणालो आणि तिथंच थांबणार होतो. पण सर वाट बघत होते. मग मी सांगायला लागलो. ऑपरेशनला ती तयार होत नाही. जिना एकेक पायरी बसून उतरते, असं शेजारच्या काकू सांगतात. मला फोनवर म्हणते, मी ठणठणीत आहे, तू जेवलास का?

समोरचा चहा गार झाला. सरांनी चहावाल्याला खुणेनंच दुसरा सांगितला.