आधी हुद्दा, मंग काम

आमचे बाळारामकाका रोज सकाळी मोबाईलमधल्या एआयला नवी नोकरी देतात. ओसरीवर बसून, फोन तोंडासमोर आडवा धरून, अख्ख्या दिघाशी गावाला ऐकू जाईल अशा आवाजात: "आजपासून तू गुरांचा डॉक्टर. माझी म्हैस चारा खात न्हाय. बोल." काम झालं की रीतसर सुट्टीही देतात. "जा, मोकळा हाय तू."

हे खूळ मीच त्यांच्या डोक्यात भरवलं. मी त्यांचा शेजारी, पडघ्याच्या एका गोदामात कामाला. सुरुवातीला काका नुसतं "भाजी सांग" म्हणायचे आणि तो पालकापासून पनीरपर्यंत वाट्टेल ते सांगत सुटायचा. काका वैतागायचे. "याला डोकंबिकं हाय का न्हाय?" म्हटलं, काका, तो काय तुमच्या मनात बसलाय? आधी त्याला सांगा तू कोण, मी कोण, मला काय पाहिजे, काय नको. झालं, मंत्रच मिळाला की. दुसऱ्या दिवशी काकांनी त्याला आगरी आचारी केलं. ताजे बोंबील आणलेत, काकीला खोबरं चालत नाही, पाहुणे वाटेत आहेत, सगळं सांगितलं. आणि काय सांगू, कालवण असं झालं की पाहुण्यांनी टोप चाटूनपुसून साफ केला.

तेव्हापासून "आधी हुद्दा, मंग काम" हे पालुपद. भेटेल त्याला शिकवतात. भिवंडीच्या रिक्षावाल्यालासुद्धा सोडलं नाही. "भाईजान, पहले उसको पोस्ट दो, फिर काम बोलो." बिचाऱ्याने काकांचा स्टॉप आल्यावरही रिक्षा उभी ठेवून ऐकून घेतलं.

मग काकांच्या मुलीचं, अस्मिताचं लग्न ठरलं. आमच्याकडे मांडवाला उंबराचा पहिला डहाळा लावायचा मान नवरीच्या थोरल्या काकाचा. आणि बाळारामकाकांचे थोरले भाऊ हिराजीकाका भिंतीपलीकडे राहत असूनही त्यांच्याशी बोलत नव्हते. गावदेवीच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून दोघांची जुंपली होती, ती काही मिटली नाही. अस्मिताने बापाला स्पष्ट सांगितलं, "मोठे काका न्हाय आले तर मी हळदीला बसणार न्हाय."

त्या संध्याकाळी काकांनी मला हाक मारली. फोनला नवा हुद्दा मिळाला होता. "तू माझा दादूस, हिराजी. मी तुझ्या दारात आलोय. बोल."

फोन गोड आवाजात म्हणाला, "ये भावा, तुला पाहून खूप आनंद झाला."

"चूक," काका म्हणाले. "दादूस असा लाडीगोडी लावणारा न्हाय. आधी पाठ फिरवून बसेल. नीट ऐक." आणि सांगायला लागले. रागावला की मिशी चावतो. डाव्या कानाने कमी ऐकतो, म्हणून उजवीकडे उभं राहायचं. बाप गेल्यावर त्याने शाळा सोडली, मी शिकावं म्हणून. खाडीत मी बुडत होतो तेव्हा केसाला धरून बाहेर काढला, आणि मला पाण्यात नेलं म्हणून आईचा मार एकट्याने खाल्ला.

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शेवटी फोननेच विचारलं, "आता मी दादूस म्हणून काय बोलू?"

काकांनी फोनकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "काय न्हाय. तू कितीबी बोललास तरी मांडवात कोण येणार हाय?" फोन माझ्या हातात दिला, चपला घातल्या आणि निघाले. मीही मागोमाग गेलो. दोघेही तापट, मारामारी झाली तर सोडवायला कोणीतरी नको का?

हिराजीकाका अंगणात कोयत्याला धार लावत बसले होते. मी दोन पावलं मागेच थांबलो. बाळारामकाका त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहिले.

हिराजीकाकांनी वर बघितलंही नाही. कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "उंबराचा डहाळा कवा तोडायचा, ते सांगायला एवढे दिस लावलेस?"

"उद्या, दादूस," बाळारामकाका कसंबसं म्हणाले, आणि तिथेच खाली बसून पोरासारखे रडले.