बारा वाजायला वीस मिनिटं

वडगावात आमच्या शेजारी परशराम अण्णा राहतात. त्यांच्या घरात बारा वाजायला वीस मिनिटं लागतात.

भिंतींवर जुनी सत्तावीस घड्याळं आहेत. सगळी अण्णांनी दुरुस्त केलेली, सगळी चालू, आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ नाही. किती वाजले विचारलं की अण्णा वर बघून म्हणतात, "कुणाचं सांगू? निपाणीचं का खानापूरचं?" ज्या गावाहून आणलं, ते त्या घड्याळाचं नाव.

"अण्णा, सगळी एका वेळेला लावा की," मी एकदा म्हणालो.

"मग कुठलं वाजलं ते कसं कळायचं, मास्तर?"



अण्णा उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नर होते. हात जन्मभर लेथवर फिरलेला, त्यामुळे झिजलेलं चाकसुद्धा ते स्वतःच घडवतात. बंद घड्याळाला बिघडलेलं म्हटलेलं त्यांना खपत नाही. "बिघडलं न्हाय, रुसलंय!" मग त्या रुसलेल्याला मांडीवर घेऊन दिवसभर तेल पाजत बसतात. एकदा त्यांची बायको, आमच्या आक्का, तापानं फणफणल्या. अण्णा म्हणाले, "जरा थांब गं, एवढा लंबक लावतो, मग डॉक्टरकडं जाऊ." आक्का रिक्षानं जाऊन, इंजेक्शन घेऊन परत आल्या, तरी लंबक लागला नव्हता.

त्यांच्या मुलीला बघायला निपाणीचे पाहुणे आले होते, तेव्हा तर कहरच झाला. चहापोहे झाले. मुलाच्या मामांनी घसा खाकरला, "तर आमचं म्हणणं असं हाय की..." आणि अकराचे ठोके सुरू झाले. एक संपलं की दुसरं. मामा तोंड उघडायचे आणि मिटायचे. अण्णा बोट वर करून, डोळे मिटून ऐकत होते. मध्येच जरा शांत झालं, तसे मामा पुन्हा सरसावले.

"थांबा पावणं," अण्णा म्हणाले, "अजून तुमच्या निपाणीचं ऱ्हायलंय."

शेवटी मामांना बोलायला मिळालं. ते म्हणाले, "पोरगी पसंत हाय. या घरात जिला झोप लागली, ती कुठंबी सुखानं नांदंल."

अशा या अण्णांना गुंजी गावात एक घड्याळ दिसलं. सागवानी, खाली कोरीव काम. एका एकट्या म्हातारीच्या घरात. तेव्हापासून दर रविवारी ते सकाळच्या पॅसेंजरनं गुंजीला जाऊ लागले. संध्याकाळी हात हलवत परत.

"दिलं का?" गल्लीतला प्रत्येक जण विचारायचा.

"अजून न्हाय. पटवालोय."

असं पटवणं पावसाळाभर चाललं. आक्का म्हणायच्या, "मला पटवाय तरी एवढ्या खेपा घातल्या न्हाईत!"

एका रविवारी, घरात सत्तावीस घड्याळं असून, अण्णांची गाडी चुकली. मला म्हणाले, "मास्तर, मोटारसायकल काढा."

आम्ही गुंजीला पोचलो तेव्हा त्या घड्याळवाल्या मावशी उंबऱ्यातच बसल्या होत्या. अण्णांना बघून म्हणाल्या, "आज उशीर केलासा? मला वाटलं, ईत न्हाईसा." घड्याळ समोरच होतं आणि झकास चाललं होतं. अण्णा स्टुलावर चढले.

"न्या की ओ हे आता," मावशी खालून म्हणाल्या. "लेक गोव्यास्नं वर्सातनं एकदा येतो. कुणाला पायजे हे? दर आठ दिवसाला चावी द्याय तुमास्नी किती हेलपाटा."

"न्यायचं न्हाय अजून, मावशी. आतनं जरा कच्चं हाय," अण्णा म्हणाले.

मावशी चहा ठेवायला आत गेल्या. मी जवळ जाऊन डायल पाहिली. खालच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं होती.

"अण्णा, एकदा चावी दिली की पंधरा दिवस चालतं असं लिहिलंय की यावर."

अण्णांनी दचकून स्वयंपाकघराकडं पाहिलं.

"हळू बोला ओ मास्तर. तिला इंग्रजी वाचाय येत न्हाय."

मग ते स्टुलावरून उतरले, हात पुसले आणि भिंतीला टेकून ऐसपैस बसले. मावशी चहा घेऊन आल्या, आणि आठवडाभर म्हशीनं काय काय केलं ते पहिल्यापासून सांगू लागल्या.